लाल झेंडीखालचा गोल

वाशीमला आमच्या जिनामागं, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यामागं, एक मोठी मोकळी जागा होती. दसरा झाला की तिथं कापसाच्या गाड्या येऊन उभ्या राहत, म्हणून फुटबॉल खेळायचा तो पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतच. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. जिनाच्या इंजिनाला तेल घालायचं काम करायचो, आणि जिन बंद असल्यामुळं त्या दिवसांत मला दुपारनंतर काही उद्योग नसायचा. मला स्वतःला बॉल धड मारता येत नव्हता, पण सामना मी एकही चुकवला नाही.

आमचा संघ कसा होता ते सांगतो. जिनातले पाच-सहा हमाल, दोन पोलीस, शाळेतला एक शिपाई आणि रंगाऱ्यांच्या घरातले दोघं सख्खे भाऊ. बूट कोणालाच नव्हते. संघाला एक मनेजर असायचा, कारण जिनाला मनेजर होता आणि त्याच्याशिवाय काही चालत नाही हे आम्ही रोज पाहत होतो. पहिला मनेजर तहसिलीतला कारकून होता. तो सामन्याआधी सगळ्यांना उभं करून एकच सांगायचा, बॉल दिसला की मारा. आम्ही मारत होतो आणि जिंकतही होतो. मंगरूळला हरवलं, शिरपूरचे लोक दोन बैलगाड्या भरून आले होते त्यांनाही हरवलं. मग त्या कारकुनाची बदली झाली.

नवा मनेजर कोण, यावर आठ दिवस चर्चा झाली. ती चर्चा व्हायची खलिफाच्या दुकानासमोर. आमच्याकडं मुसलमान शिंप्याला मानानं खलिफा म्हणतात. त्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं, आणि त्याला लागूनच एका जैन शेठचं कापडाचं दुकान. शेठ कापड फाडून द्यायचा आणि खलिफा ते शिवायचा, त्यामुळं दोघांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं आणि एकमेकांशी पटतही नव्हतं. दोघंही फुटबॉलचे वेडे. खलिफाच्या पायरीवर बसून मी त्या दोघांचं जितकं ऐकलं तितकं माझ्या बापाचंही ऐकलं नसेल.

शेवटी ज्यांना निवडलं ते एक रिटायर स्टेशनमास्तर होते. नोकरी संपवून ते बायकोच्या माहेरी, म्हणजे आमच्या गावी, राहायला आले होते. त्यांनी फुटबॉलचा सामना जन्मात पाहिला नव्हता. पण त्यांच्याकडं बरोबर चालणारं घड्याळ होतं आणि स्वतःची शिट्टी होती. या दोन्ही वस्तू एकत्र गावात दुसऱ्या कोणाकडं नव्हत्या. शेठ म्हणाला, माणूस कायद्याचा आहे. खलिफालाही तेव्हा पटलं होतं. पुढं तो हे कबूल करत नसे.

मास्तर उंच, वाळलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी खेळाडूंना जिनाच्या भिंतीपाशी बसवलं आणि खेळ म्हणजे काय ते विचारलं. पोलिसानं समजावून सांगितलं की अकरा लोक इकडून तिकडं जातात आणि अकरा तिकडून इकडं येतात. मास्तरांनी बोटानं मातीत एक रेघ ओढली. मग त्यांनी विचारलं, "एकाच लाईनीवर?"

पोलीस म्हणाला, मैदान तर एकच असते.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी आपली योजना मांडली. आमच्या गावावरून जाणारी रेल्वे एकेरी रुळाची. एका बाजूनं गाडी येत असली तर दुसऱ्या बाजूची गाडी स्टेशनात थांबवून ठेवायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. तसंच इथं. पहिल्या हाफमध्ये समोरचे लोक आपल्याकडं येणार, तेव्हा आपल्यापैकी कोणीही पुढं जायचं नाही. सगळ्यांनी आपल्या गोलापाशी उभं राहायचं. दुसऱ्या हाफमध्ये आपण निघायचं, तेव्हा सगळ्या अकरांनी निघायचं, मागं कोणी राहायचं नाही. आणि कुठंही दोन माणसं समोरासमोर धडकतील असं दिसलं की मास्तर रेषेवरून लाल झेंडी दाखवणार. झेंडी दिसली की जो जिथं असेल तिथं थांबेल. हिरवी दाखवली की पुन्हा चालू.

गोली म्हणजे गोल राखणारा. तो जिनातला सगळ्यात जाडा हमाल होता. त्यानं विचारलं की अकरा निघाले तर मी पण निघू काय. मास्तर म्हणाले, अर्थातच.

पहिला सामना मानोऱ्याकडच्या लोकांशी झाला. पहिल्या हाफमध्ये आमचे अकराही गोलाच्या तोंडाशी दाटीनं उभे राहिले. समोरच्यांनी बॉल मारला की कोणाच्या तरी पोटाला नाहीतर गुडघ्याला लागून परत जायचा. शून्य-शून्य. दुसऱ्या हाफला मास्तरांनी हिरवी झेंडी दाखवली आणि आमचे अकरा एका घोळक्यानं निघाले. समोरून ते आले. मास्तरांनी ताबडतोब लाल दाखवली. आमचे थांबले. समोरचे थांबले नाहीत, ते आमच्यामधून वाट काढत गेले आणि रिकाम्या गोलात बॉल टाकून आले. असं चार वेळा झालं. त्या दिवशी घरी गेलो तर बायकोनं विचारलं, आज किती खाल्ले. मी चार सांगितले. पुढं ती दर सामन्याला विचारायची आणि आकडा ऐकून भाकरी वाढायची.

मेडशीकडून पाच खाल्ले. शिरपूरवाल्यांनी आधीच्या वर्षीचं उट्टं काढलं, सहा. तरीही मास्तरांना काढायचं की ठेवायचं यावर खलिफाच्या दुकानासमोर एकमत होईना, आणि त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

शेठ धर्मानं पक्का होता. दिवस मावळायच्या आत जेवायचं, त्यानंतर पाणीसुद्धा नाही. त्यामुळं पहिला हाफ संपला की तो उठायचा आणि घरी जेवायला जायचा. उलट खलिफा दुकान आवरून, मशिदीत असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज पढून मग मैदानावर यायचा, तोवर दुसरा हाफ लागलेला असायचा. म्हणजे शेठनं सगळ्या सामन्यांचा फक्त पहिला भाग पाहिला होता आणि खलिफानं फक्त दुसरा. पहिल्यात आम्हाला कधीच गोल होत नव्हता आणि दुसऱ्यात गोलाशिवाय काही होत नव्हतं.

"मी पायलं तवा एकही गोल नव्हता," शेठ म्हणायचा. "असा मनेजर गावाले भेटला नसता."

"मी पायलं तवा आपले लोक खांबासारखे उभे होते," खलिफा म्हणायचा. "अल्ला कसम, एक भी हलून नाई राह्यला."

शेठला कोणी सांगितलं की नंतर सहा झाले, तर तो म्हणायचा, ते मी गेल्यावर झाले, त्याचा दोष मास्तरांना कसा द्यायचा. खलिफाला सांगितलं की आधी एकही नव्हता, तर तो मान हलवायचा आणि म्हणायचा, शेठच्या शब्दावर मी सदऱ्याचं कापड घेतो, फुटबॉल घेणार नाही. मी दोन्ही भाग पाहणारा होतो, पण मी खरं सांगायला लागलो की दोघंही मला गप्प करायचे. बाकी लोकही वाटले गेले. कोणी म्हणे झेंड्या काढा, कोणी म्हणे झेंड्या ठेवा पण गोली तरी मागं ठेवा. एक न्हावी होता, तो म्हणायचा की लाल झेंडी मास्तरांनी खाली बसून दाखवावी, म्हणजे दिसणार नाही.

शेवटी असं ठरलं की तिघांनी मास्तरांकडं जायचं आणि योजना बदला म्हणून सांगायचं. बदलत नसतील तर मनेजरी सोडा म्हणायचं. शेठ, खलिफा आणि मी. शेठ यायला तयार झाला तो फक्त मास्तरांचा मान राखला जातो की नाही हे पाहायला. रस्त्यात दोघांनी मला बजावलं की बोलायचं मी, कारण मी तरुण आहे आणि माझ्याकडून कमीजास्त झालं तर वाईट दिसणार नाही.

मास्तरांनी आम्हाला सतरंजीवर बसवलं. काकूंनी चहा आणला. शेठनं काही घेतलं नाही, सूर्य मावळून गेला होता. मी चाचरत सांगितलं की पंधरा गोल झाले आहेत, लोक नाराज आहेत. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मला विचारलं, या तीन सामन्यांत आपल्या किती लोकांना लागलं?

मी आठवून पाहिलं. कोणालाच लागलं नव्हतं.

"आणि आधीच्या मनेजरच्या वेळी?"

आधी एका पोलिसाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, रंगाऱ्याच्या धाकट्या भावाचे पुढचे दोन दात गेले होते आणि एक हमाल महिनाभर लंगडत होता. हे मी सांगितलं.

मास्तर खिडकीकडं पाहत म्हणाले, "माझ्या स्टेशनात रुळाचे सांधे बदलणारा एक सांधेवाला होता. पावसात घसरला. मी लाल झेंडी दाखवायला दोन पावलं उशिरा पोचलो. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. मला समोरासमोर धावत येणारं काही बघवत नाही रे. मी दाखवतो ती झेंडी आपोआप दाखवली जाते."

काकू आत गेल्या. खलिफानं चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, मास्तरसाब, कोट काखेत उसवला हाये, उद्या दुकानात पाठवा. एवढं बोलून आम्ही उठलो. बाहेर लोक वाट पाहत होते. त्यांना आम्ही सांगितलं की मास्तर विचार करतो म्हणाले. ते खोटं होतं.

चौथा सामना त्या हंगामातला शेवटचा. समोरचा संघ रेल्वेच्या गँगमन लोकांचा होता. रुळांची दुरुस्ती करणारी ती माणसं, दिवसभर घण मारून हात-पाय लोखंडासारखे झालेले. त्यांचा मुकादम हाच त्यांचा कप्तान. आम्ही त्यांच्याकडं पाहिलं आणि दहा-बारा खायची मनाची तयारी केली. रेफरी शाळेतले ड्रिलमास्तर होते.

पहिला हाफ नेहमीसारखा गेला. शून्य-शून्य. शेठ समाधानानं उठून जेवायला गेला. जाताना वाटेत त्याला खलिफा भेटला, तेव्हा त्यानं खलिफाला ऐकवलं की आजही एक नाही. खलिफा येऊन माझ्याजवळ बसला.

हिरवी झेंडी झाली. आमचे अकरा निघाले. समोरून ते अकरा आले, जमीन हादरत होती. मास्तरांच्या हातून लाल झेंडी वर गेली. आमचे थांबले, आणि मग एक गोष्ट झाली जी मी अजूनही कोणाला सांगितली तर लोक माझ्या तोंडाकडं पाहतात. गँगमनही थांबले. सगळेच्या सगळे. धावता धावता मुकादमाचा एक पाय वर होता, तो त्यानं हळूच खाली ठेवला. त्यांचा गोलीसुद्धा हात खाली सोडून सरळ उभा राहिला. मैदानावर वीस-एकवीस माणसं पुतळ्यासारखी उभी, आणि बॉल मधोमध संथपणे घरंगळत चाललेला.

फक्त रंगाऱ्याचा थोरला भाऊ थांबला नाही. त्याची पाठ मास्तरांकडं होती, त्याला झेंडी दिसलीच नव्हती. तो बॉल घेऊन निघाला. दोन गँगमन त्याच्या वाटेत होते, त्यांना वळसा घालून गेला. गोलीच्या समोर जाऊन त्यानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, गोलीनं मास्तरांच्या झेंडीकडं पाहिलं, आणि यानं बॉल आत टाकला. नंतर मी त्याला विचारलं की तुला काही वेगळं वाटलं नाही का. तो म्हणाला, "मले वाटलं, हे लोक मले रस्ता देऊन राह्यले. म्हटलं, चांगले लोक हायेत."

ड्रिलमास्तरांनी शिट्टी वाजवून गोल दिला. त्या वर्षातला आमचा पहिला गोल. लोकांनी टोप्या उडवल्या. खलिफा उभा राहिला आणि मला मिठी मारून रडायला लागला. गँगमन आपसांत कुजबुजत होते. त्यांच्यापैकी एकजण भांडायला पुढं झाला, तर मुकादमानंच त्याला मागं ओढलं आणि म्हणाला, झेंडी दिसली का पाय थांबतेच, त्याले कोन काय करन.

इतक्यात मास्तर मैदानात आले. लाल झेंडी गुंडाळून काखेत घेतली होती. ते ड्रिलमास्तरांना म्हणाले, हा गोल रद्द करा.

ड्रिलमास्तर म्हणाले, गोल तुमचाच आहे.

"आमचाच आहे, म्हणून सांगतो. लाल असताना गेलेली गाडी पोचली असं मी म्हणणार नाही."

ड्रिलमास्तरांनी त्यांना समजावलं की जिंकणाऱ्या संघाच्या मनेजरनं गोल परत करायची सोय नियमात नाही. झेंडीचीही सोय नियमात नाही. मास्तर म्हणाले, मग बरोबरी करून द्या. त्यांनी आमच्या सगळ्या खेळाडूंना मैदानाबाहेर रेषेवर उभं केलं, मुकादमाला बोलावलं आणि सांगितलं की आता तू एकटा जा आणि गोल कर. मुकादम नको म्हणाला. रिकाम्या गोलात बॉल मारायची त्याला लाज वाटत होती. लोक ओरडत होते, कोणी मास्तरांच्या बाजूनं, बहुतेक विरुद्ध. मुकादम चुळबुळत उभा राहिला. मग मास्तरांनी हिरवी झेंडी उघडली आणि दाखवली.

मुकादम निघाला. सवयीनंच निघाला. पायानं बॉल पुढं ढकलत, खाली मान घालून, जणू कोणाच्या घरी उसनं भांडं परत द्यायला चालला आहे असा तो गेला आणि बॉल हळूच आत ठेवून आला. एक-एक. दिवस मावळला, मशिदीत मगरिबची बांग झाली, ड्रिलमास्तरांनी शेवटची शिट्टी दिली.

दुसऱ्या दिवशी खलिफाच्या दुकानासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी सामना पाहिला नव्हता तेच जास्त बोलत होते. आणि त्या दिवशी शेठ आणि खलिफा यांनी बाजू बदलल्या. कसं ते सांगतो. खलिफा रात्रभर विचार करून आला होता. त्याचं म्हणणं, चार सामन्यांत पहिल्यांदा आपण हरलो नाही, म्हणजे मास्तरांची झेंडी खरी, फक्त आपण चुकीच्या लोकांशी खेळत होतो. मेडशी, मानोरा सोडा. यापुढं फक्त रेल्वेवाल्यांना सामन्याचं आमंत्रण द्यायचं. अकोल्यापासून हिंगोलीपर्यंत जितकी स्टेशनं आहेत तितक्या गँगा आहेत. सांधेवाले आहेत, फाटकवाले आहेत. सगळे थांबतील, फक्त आपला एकजण झेंडीकडं पाठ करून ठेवायचा.

शेठ संतापला. "हे फसवनं झालं, खलिफा. आपल्या कोन्या मानसानं झेंडीकडं पाठ करून उभं राह्यचं, हे काय खेयनं हाये?"

"कालपर्यंत तुमीच म्हनत होते ना, मास्तर गावाची इज्जत हायेत?"

"मास्तर हायेतच. म्हनूनच म्हन्तो."

भांडण इतकं वाढलं की शेठनं कापडाचा गज जमिनीवर आपटला आणि खलिफानं शेठचं शिवायला आलेलं सदऱ्याचं कापड तसंच परत दिलं. आठ दिवस दोघं बोलले नाहीत. गिऱ्हाइकांनी शेठकडं कापड घ्यायचं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन शिवायला टाकायचं, असा सगळा घोळ झाला.

खलिफाची कल्पना मास्तरांच्या कानावर घालायचं काम पुन्हा माझ्याकडं आलं. या वेळी मी एकटाच गेलो. मास्तर अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी तांब्या खाली ठेवला. धोका नसताना लाल झेंडी दाखवणं हा गुन्हा आहे, ते म्हणाले, आणि त्या झेंडीवर मी बेचाळीस वर्षं भाकर खाल्ली. मग आत गेले आणि शिट्टी आणून माझ्या हातात दिली. घड्याळ मात्र देत नाही, म्हणाले, ते सासऱ्यांनी दिलेलं आहे. मी त्यांना थांबवायला पाहिजे होतं. मी नमस्कार केला आणि शिट्टी खिशात घालून आलो.

मग दसरा झाला, मैदानावर कापसाच्या गाड्या लागल्या, जिन सुरू झालं आणि मला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत इंजिनापुढून हलता येईना. खलिफा आणि शेठ यांचा दिवाळीच्या कपड्यांनी समेट करून टाकला. माणसांना कपडे हवे होते, त्यांना दुसरा इलाज नव्हता.

पुढच्या वर्षी मनेजर नेमलाच नाही. रंगाऱ्याचा थोरला भाऊ कप्तान झाला आणि जुनी पद्धत सुरू झाली, बॉल दिसला की मारा. आम्ही काही जिंकलो, काही हरलो, एकाचं मनगट मोडलं. मास्तर आता प्रेक्षक म्हणून यायचे. लोकांना वाटलं येणार नाहीत, पण पहिल्याच सामन्याला आले, आणि तेही वेळेआधी. खलिफाही त्या वर्षी असर आटोपून धावतच यायचा, पहिल्या हाफचा तुकडा तरी सापडावा म्हणून, आणि मुद्दाम त्यांच्या शेजारी बसायचा.

दोन खेळाडू एकमेकांवर धावून यायला लागले की मास्तर डोळे घट्ट मिटून घ्यायचे. हात मांडीवरून उठायचा आणि परत खाली बसायचा. खलिफा त्यांच्या कानाशी वाकून जे चाललं आहे ते सांगायचा. हा आला, तो आला, दोघं भिडले, आपला पडला, उठला, माती झटकून राह्यला. मास्तर डोळे मिटूनच विचारायचे, "लागलं का?"

"नाई लागलं, मास्तरसाब. आता उघडा."

मग ते डोळे उघडायचे आणि पहिल्यांदा बॉल कुठं आहे ते नाही, तर पडलेला माणूस कुठं आहे ते पाहायचे.